पाचटाखालची गाय

मोहितची एचएफ, म्हणजे विलायती दुधाळ जातीची गाय श्रावणातल्या झडीत मेली. चांगलं सहाशे किलोचं धूड. बोरी बुद्रुकमधल्या त्याच्या गोठ्यात रबरी मॅट होत्या, पंखे होते, कॅमेरे होते. जनावर मेलं तर त्याचं काय करायचं, याचा विचार मात्र कुणी केला नव्हता. काळ्या रानात मशीन रुतंल म्हणून जेसीबीवाला येईना. तेव्हा मोहित छत्री घेऊन बौद्धवस्तीत आला आणि भागुजींच्या ओट्यावर बसला.

भागुजी शहात्तर वर्षांचे, एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांची सून रत्ना नारायणगावला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिने चहा आणून ठेवला. मोहित पावसावर बोलला, द्राक्षांवर बोलला, आणि मग कुठे मुद्द्यावर आला.

"बाबा, गाय गेली. तुमच्यात कुणी असंल तर बघा ना."

"आमच्यात म्हंजी?"

"म्हणजे... वस्तीत."

"वस्तीत एक वकील हाय, दोन नर्सा हायेत, एक लाईनमन हाय. कोनाला धाडू?"

"तसं न्हाई बाबा. पूर्वी तुमची मानसं..."

"पूर्वी काय? नीट बोल."

मोहितने कप तोंडाला लावला. दारात उभी असलेली रत्ना म्हणाली, "बोला की. मनात आणायला लाज वाटली नाही, मग बोलायलाच का वाटते?"

चहा अर्धा टाकून तो उठला. भागुजी कपातल्या सायीकडे बघत राहिले. त्यांचे वडील जानकू गावाची मेलेली गुरं ओढायचे. ओढायला गावच लावायचं आणि ओढली म्हणून विटाळही गावच धरायचं. धर्मांतर झालं त्यानंतर जानकूंनी दोर टाकला. गावाने पिठाची गिरणी बंद केली, रानातलं काम बंद केलं. भागुजी तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. त्या वर्षी घरात लई भूक काढली, पण दोर कुणी पुन्हा उचलला नाही.

"त्याचा आजा निदान तोंड वर करून सांगायचा," भागुजी म्हणाले. "ह्यो तर आडून सांगतोय. भित्रं बेणं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहितने ट्रॅक्टरला साखळी लावून गाय मुरमाच्या रस्त्याने ओढत नेली आणि ओढ्यात टाकली. नेमकी वस्तीच्या विहिरीच्या वरच्या अंगाला. दुपारपर्यंत वास सुटला. रत्नाने त्याला फोन केला.

"ओढ्याचं पाणी आमच्या विहिरीत पाझरतं. गाय उचला."

"मॅडम, निसर्ग हाय तो. कुत्री, कावळे खातील. तुमीच पोरांना शिकवता ना अन्नसाखळी?"

रत्नाला एवढी किळस त्या सडलेल्या गायीची आली नव्हती. "ती साफ करणारी गिधाडं होती. गुरांना दुखण्यावर टोचलेलं औषध मढ्यातून पोटात जाऊन ती मेली. एवढं मोठं जनावर संपवायला आता इथं कोण उरलंय? उरलं ते पाण्यात उतरतं आणि आमच्या हंड्यात येतं."

"लई पुस्तकी बोलता राव तुमी," म्हणून त्याने फोन ठेवला.

ग्रामपंचायतीत तिला सोमवारी या म्हणाले. सोमवारी गेली तर साहेब मिटिंगला. वस्तीने विहिरीचं पाणी बंद केलं आणि बायका पावसात लांबच्या हातपंपावर जाऊ लागल्या. चौथ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या चिखलात बिबट्याचे ठसे दिसले. पाचव्या दिवशी मोहितच्या गोठ्यातलं वासरू गेलं. वनरक्षक आला, ठसे पाहिले आणि म्हणाला, "तुम्हीच ताट वाढून ठेवलंय. आधी ते उचला, मग पिंजऱ्याचं बघू."

वस्तीचं पाणी नासलं तेव्हा तो निसर्ग होता. स्वतःचं वासरू गेल्यावर मोहितला तो धोका वाटायला लागला. तो परत भागुजींकडे आला. या वेळी बसला नाही.

"बाबा, काय करू सांगा."

भागुजींनी रत्नाकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुमच्या उंचवट्यावरच्या रानात उसाचं पाचट पडलंय. दरवर्षी काडी लावता तेच. त्यात गाय पुरायची. खाली पाचट, वर शेण, त्यावर पुन्हा पाचट, छातीएवढं. सूक्ष्मजीव तिला खातील. पाण्यापासून लांब आहे, कुत्र्यांना वासही जायचा नाही."

"कोन करील पन?"

"गाय कोनाची?" भागुजींनी विचारलं. "मी सांगाया येतो. हात लावनार न्हाई."

गोठ्यावरच्या गड्यांनी विटाळ म्हणून हात वर केले. मोहितने त्यांना शिव्या दिल्या, पण ते हटले नाहीत. शेवटी तोंडाला पंचा बांधून तो स्वतः ओढ्यात उतरला. फुगलेल्या पायांना साखळी लावताना दोनदा ओकला. भागुजी उंचवट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री धरून बसले होते.

"पाचट कमी पडलं. अजून आन."

"बास झालं बाबा."

"पाय दिसतोय. झाक."

संध्याकाळपर्यंत मोहित शेणाने बरबटला. त्याची कीव यावी असं भागुजींना क्षणभर वाटलं, पण पंचा सोडून तो म्हणाला, "असली घाण कामं मानसं पिढ्यान् पिढ्या कशी करत असतील?" आणि कीव जागीच आटली.

"आवडीनं करत व्हती," भागुजी म्हणाले. "तुज्या घरानं आवड लावली व्हती." आणि खुर्ची उचलून ते निघाले.

आठवड्याने रत्ना ढिगाऱ्यापाशी गेली. तिने लोखंडी सळई आत खुपसली, थोडी थांबली आणि उपसली. तापलेलं टोक हातात धरवेना. बघायला आलेल्या मोहितला ती म्हणाली, "धरून बघा. गाईनं आयुष्यभर खाल्लेला चारा आहे हा. चाऱ्यात ऊन साठलं होतं, ते आता असं बाहेर पडतंय. माती व्हायची ती मागं राहील." मोहितने सळई धरली, चटकन सोडली आणि विचारलं, "वास तर यायचा न्हाई ना गोठ्याकडं?"

माघात ढीग उकरला. मांडीची दोन-तीन हाडं, कवटी, आणि बाकी काळीभोर, भुसभुशीत माती. तिला पावसानंतरच्या रानासारखा वास येत होता.

"द्राक्षांना घाला," रत्ना म्हणाली.

"छ्या! बागेत मढं घालू का?"

शेजारच्या शेडमध्ये बोनमीलच्या गोण्या थप्पीला लागल्या होत्या. रत्नाने तिकडे बोट केलं. "ही हाडांची भुकटी कशाची असते, ठाऊक आहे?"

"ते कंपनीचं हाय."

रत्ना हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती.

"तुमीच न्या मॅडम," मोहित उदारपणे म्हणाला. "फुकट. तुमाला चालतंय."

"आम्हाला तुमचं उरलेलं चालत नाही," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही ठेवा."

तो ढीग महिनाभर तसाच पडला. मग एक दिवस मोहितची आई गोजरबाई पाटी घेऊन आली. कुणाला न विचारता तिने ती माती मिरचीच्या वाफ्यात नेऊन टाकली. रस्त्याने जाणाऱ्या रत्नाला तिने हाक मारली.

"ए बाई, ह्या येड्याला काय सांगत बसतीस? माजी सासू मेलेलं वासरू आंब्याच्या रोपाखाली पुरायची. त्या आंब्याचं लोनचं ह्यो ताटलीभर खातोय. त्याला वाटतंय, झाड हवा खाऊन वाढतंय."

रत्नाने घरी येऊन ते भागुजींना सांगितलं. ते हसले नाहीत.

"ईहिरीचं पानी तपासाया दिलं व्हतं, त्याचं काय झालं?"

"आलंय. आता प्यायला चांगलं आहे."

"मंग ईहिरीची मोटार चालू कर," ते म्हणाले.

मोहित आता रस्त्यात भेटला की "नमस्कार मॅडम" म्हणतो. रत्ना गाडी थांबवत नाही.