उजव्या कानातली गिटार

मित्रांनो, माझ्या दोन्ही कानांवर निळ्या बुट्ट्यांचं सुती कापड शिवलेलं पाहून तुम्हाला हसू येईल. हसा. पण मी एक जुना हेडफोन आहे, आणि हे कापड नसतं तर आज तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याजवळ फारसं काही नसतं.

माझं जन्मगाव मला सांगता येत नाही. ते माझ्या खोक्यावर छापलेलं होतं, आणि ते खोकं माझ्या मालकिणीच्या आईने, विमलाबाईंनी, पहिल्याच आठवड्यात बांगड्या ठेवायला घेतलं. आठवतं ते एवढंच, की एका लांब पट्ट्यावरून आम्ही शेकडो भावंडं पुढे सरकत होतो. एका बाईने मला उचलून स्वतःच्या कानांना लावलं, मान डोलावली आणि बाजूला ठेवलं. माझं पहिलं कौतुक ते.

तिथून मी नाशिकला महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात आलो. काचेच्या कपाटात बरेच दिवस बसून होतो. येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, “दणका किती देतो?” मग एका दुपारी ज्योत्स्नाताई आल्या. त्यांनी स्वतःच्या फोनवरचं गाणं लावलं, डोळे मिटले आणि तशाच उभ्या राहिल्या. दुकानदार म्हणाला, “मॅडम, घ्यायचा का?” ताई म्हणाल्या, “थांबा, गाणं संपू दे.” त्या क्षणी मला कळलं, की आपण योग्य माणसाच्या डोक्यावर बसलो आहोत.

ज्योत्स्ना गांगुर्डे एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतात. वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते; ते गेल्यापासून घरी ताई आणि त्यांची आई विमलाबाई, दोघीच. ताईंना नाद होता तो अमेरिकेतल्या एका निराळ्याच गाण्यांचा. तिकडच्या खेड्यापाड्यांतली गिटारीची गाणी आणि शहरातल्या गॅरेजमध्ये वाजणारं रॉक, यांच्या सीमेवरचं हे संगीत. ऑल्ट-कंट्री म्हणतात त्याला, आणि त्याच्या शेजारच्या घराला, मोठ्या कंपन्यांशिवाय निघणाऱ्या रॉकला, इंडी रॉक. पुण्याला वसतिगृहात असताना मिझोराममधल्या ऐझॉलहून आलेल्या एका मैत्रिणीने त्यांना पहिली कॅसेट दिली होती. मैत्रीण परत गेली, कॅसेट तुटली, नाद मात्र राहिला.

पहिली काही वर्षं मला मोठं कोडं पडायचं. गाणं माझ्यातूनच जायचं, पण त्यात काय आहे ते मला कळायचं नाही. कोणी जुन्या ट्रकबद्दल गातंय, कोणी बंद पडलेल्या गिरणीबद्दल. नाशिकच्या उपनगरातल्या बाईला त्या ट्रकशी काय देणंघेणं? पण ताई ऐकून झाल्यावर लिहायच्या, आणि लिहिताना मोठ्याने पुटपुटायच्या. त्यातून मी हळूहळू शिकलो.

त्यांची मतं ठाम असायची. अल्बमची, बँडची नावं त्या सरळ मराठीत करून टाकायच्या. फोनवर त्यांनी एक पान उघडलं होतं आणि तिथे दर रविवारी एका अल्बमवर लिहायच्या. “पहिली तीन गाणी पाहुण्यांसाठी असतात. अल्बमची परीक्षा करायची तर सातव्या गाण्यावर करा, ते घरच्यांसाठी असतं.” एकदा लिहिलं, “आवाज चिरका आहे म्हणून तो खरा, असं मी मानत नाही. आमच्या कॉलनीतल्या भाजीवाल्याचा भोंगाही चिरका आहे.” आणि एका बँडबद्दल तर, “हे चौघं इतके दुःखी आहेत, की त्यांना सूर लावायला वेळच मिळालेला नाही.”

वाचणारे जेमतेम चाळीस. पण ते चाळीस जण वाट पाहायचे. आणि मित्रांनो, त्या प्रत्येक मताचा पहिला साक्षीदार मी होतो. मला त्याचा अभिमान वाटायचा.

दिवस गेले आणि माझ्या गाद्यांचं काळं आवरण सोलायला लागलं. ताईंच्या गालांवर, केसांत काळे पापुद्रे. कचेरीत कोणी तरी म्हणालं, “मॅडम, काजळ लागलंय.” तेव्हा विमलाबाईंनी आपलं एक जुनं पातळ फाडलं आणि दोन छान खोळी शिवून मला घातल्या. उन्हाळ्यातसुद्धा त्या गार लागायच्या. फक्त एक झालं. माझ्या आतल्या बाजूला डावा-उजवा सांगणारी जी दोन अक्षरं होती, ती खोळीखाली गेली. माझी वायर दोन फाटे होऊन दोन्ही कानांना जाते, त्यामुळे तिच्यावरूनही ओळखता येईना. ताई मला कधी सुलटा घालायच्या, कधी उलटा. मला वाटलं, काय फरक पडतो?

आता त्या अल्बमकडे येतो. बँडचं नाव ताईंच्या मराठीत ‘पत्र्याची बाग’, अल्बमचं ‘थंड किटली’. माघात त्यांनी त्यावर लिहिलं, “स्टील गिटार काळीज कापत जाते. पण गाणारा इतका एकटा का? एखादा दुसरा आवाज सोबतीला असता तर हा अल्बम उभा राहिला असता.” स्टील गिटार म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार, तिचा सूर तुटत नाही, ओल्या फरशीवरून पाय घसरावा तसा एका जागेहून दुसरीकडे घसरत जातो.

पुढे वैशाखात त्यांनी आवडत्या-नावडत्या अल्बमांची यादी केली, आणि त्यासाठी ‘थंड किटली’ पुन्हा ऐकला. या वेळी लिहिलं, “दुसऱ्या आवाजातली बाई गोड गाते. पण अशा गाण्यांत स्टील गिटार नसावी? बिनखिडकीचं घर. नावडत्यांत टाकते.”

मी चक्रावलो. दोन्ही वेळा मी गिटारही वाजवली होती आणि बाईही. एकीला माघात सुट्टी आणि दुसरीला वैशाखात, असं कसं होईल?

हाच प्रश्न आणखी एका माणसाला पडला. दिंडोरीजवळ त्याची द्राक्षबाग. नाव संतोष. तिथल्या एका वायनरीत तो काही हंगाम कामाला होता, तेव्हा एका परदेशी पाहुण्याकडून त्याला या गाण्यांची चटक लागलेली. त्याने ताईंना लिहिलं, “ताई, लय चुकलं तुमचं. तुम्ही अल्बम ऐकलाच नाय.”

ताईंचा पारा चढला. “मी ऐकलाच नाही? चारदा ऐकलाय!” त्यांनी लिहून कळवलं. तिकडून दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवून उत्तर आलं, “मंग यातली कोणती ताई खरी? माघातली का वैशाखातली?”

ताईंनी दोन्ही मतं पुन्हा वाचली. मग त्यांनी मला उचललं, उलटसुलट केलं आणि आईला म्हणाल्या, “हा गेला गं. याचा एक कान बंद पडलाय. टाकून देते.”

मित्रांनो, चौदा वर्षांच्या चाकरीनंतर हे शब्द कानावर पडणं सोपं नव्हतं. मी ठणठणीत होतो. पण सांगणार कसं?

वाचलो तो संतोषमुळे. छाटणीनंतर फवारायची औषधं घ्यायला तो नाशिकला येणार होता. ताईंनीच त्याला बोलावलं. म्हणाल्या, “या घरी आणि दाखवा मला ती गिटार.” पायांतली चप्पल दाराबाहेर काढून तो संकोचत आत आला. हातात पिशवीभर बेदाणे. विमलाबाईंनी चहा ठेवला.

“आधी हेडफोन बघू,” तो म्हणाला. त्याने मला डोक्यावर चढवलं. ताईंनी गाणं लावलं. तो गुडघ्यावर बोटं वाजवत शेवटपर्यंत बसला.

“यात काय बिघाड नाय, ताई. गिटार हाय, बाई पन हाय. एका कानात ही, एका कानात ती.”

“द्या इकडे.” ताईंनी मला घातलं. डोळे मिटले. कपाळाला आठी पडली. “बाई आहे. गिटार कुठाय?”

संतोष हळू आवाजात म्हणाला, “काढू नका. उलटा करून घाला बरं.”

ताईंनी मला फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर झालेला बदल मी इतक्या जवळून पाहिला, की अजून विसरलो नाही. आधी आनंद झाला, “आली! गिटार आली!” आणि मग शब्द अडखळले. “पण... बाई गेली.”

त्यांनी मला पुन्हा फिरवलं. पुन्हा उलटं. तीनदा, चारदा. दर वेळी उजव्या कानाला जे जाई ते हरवत होतं. संतोषने मान खाली घातली. त्याला कळलं होतं. आधी बोलल्या त्या विमलाबाई, स्वयंपाकघराच्या दारातून.

“माझी थोरली बहीण अशीच होती,” त्या म्हणाल्या. “चाळिशी उलटली आन् ऐकू येईना. आम्ही तिला खडूस म्हणायचो. तुला उजवीकडून हाक मारली की तू ओ देत नाहीस, तेव्हा मला वाटायचं, मुलगी रागावलीय.”

“मग मी इतके दिवस काय ऐकत होते?” ताई म्हणाल्या. चहा निवून गेला.

त्यानंतर पान बंद झालं. रविवार आला, गेला. त्या चाळीस जणांपैकी कोणी विचारलं, कोणी विचारलं नाही. मला टेबलाच्या खणात ठेवलं होतं, टाचणीच्या डबीशेजारी. अंधारात पडल्या पडल्या मी विचार करायचो. एक कान हळूहळू मिटत जातो आणि माणसाला पत्ता लागत नाही, हे कसं? मग उमगलं. दुसरा कान त्याची कामं मुकाट्याने उचलतो. घरात बोलताना, रस्त्यावर, कचेरीत तो दोघांचं ऐकतो. फक्त माझ्याच बाबतीत त्याला ते जमत नव्हतं. मी डाव्याचं उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला ऐकू देत नाही.

एके दिवशी खण उघडला. विमलाबाईंनी मला ताईंच्या पर्समध्ये टाकलं. “हा बरोबर ने. डॉक्टरला दाखव, कसं कळलं ते.”

डॉक्टर हर्षाली वयाने लहान होत्या. त्यांनी ताईंना एका बंद खोलीत बसवलं आणि डोक्यावर माझ्यासारखाच, पण फार गंभीर दिसणारा हेडफोन चढवला. बारीकसा आवाज आला की ताईंनी बटण दाबायचं. डाव्या कानाला भराभर बटण दाबलं जात होतं. उजव्याच्या वेळी हात बराच वेळ नुसता थांबून राहिला.

“कानात तीन बारीक हाडं असतात,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यातलं सगळ्यात छोटं, तांदळाच्या कणीएवढं, घट्ट झालंय. हलत नाही. म्हणून आवाज पुढे जात नाही. नस चांगली आहे. ऑपरेशनने बहुतेक वेळा फायदा होतो. नको असेल तर कानाला मशीन लावता येतं.”

“बहुतेक वेळा. आणि एरवी?”

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. “क्वचित, आहे तेही जाऊ शकतं. त्या कानापुरतं.”

घरी आल्यावर ताईंनी पान पुन्हा उघडलं आणि लिहिलं, “गेली काही वर्षं माझा उजवा कान अर्ध्याहून कमी ऐकतो, हे मला आत्ता कळलं. माझी मतं एका कानाची होती. ज्यांना मी नावं ठेवली, त्यांना पुन्हा ऐकणं मी देणं लागते.”

मग सुरू झाला माझ्या आयुष्यातला सगळ्यात कष्टाचा काळ. विमलाबाईंनी माझ्या उजव्या खोळीवर लाल दोऱ्याचा टाका घातला. ताई एक अल्बम घ्यायच्या, मला सुलटा घालून पूर्ण ऐकायच्या आणि मग उलटा घालून पुन्हा पूर्ण. दोन्ही बाजू एकाच चांगल्या कानाने. असे नावडत्यांतले एकोणीस अल्बम त्यांनी पावसाळाभर ऐकले. मला इतकं कोणी कधी वापरलं नव्हतं. कधी एखादं व्हायोलिन सापडायचं, कधी नुसता एक खोकला, गाणं सुरू होण्याआधी कोणीतरी खोकललेलं. प्रत्येक सापडलेली वस्तू त्या संतोषला कळवायच्या. तोही बागेतून उत्तर द्यायचा, “तो खोकला मलापन आवडतो, ताई.”

सात अल्बमांची त्यांनी जाहीर माफी मागितली. मराठीतली ती माफी त्या अमेरिकन पोरांपर्यंत पोचणार नव्हती. मला वाटलं, मग कशाला? पण लिहून झाल्यावर ताईंचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

दसऱ्यानंतर त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. मी घरीच होतो. त्या परत आल्या तेव्हा उजव्या कानात कापूस होता आणि चालताना भिंतीचा आधार लागत होता. डॉक्टरांनी दोन महिने हेडफोन बंद सांगितले. ते दोन महिने मी भिंतीवरच्या खिळ्यावरून त्यांना पाहत होतो. कापूस निघाला त्या दिवशी त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि एकदम म्हणाल्या, “आई, हा पंखा नेहमीच असा कुरकुरतो का?”

विमलाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “सहा वर्षं झाली, बये.”

आणि मग एका रविवारी सकाळी, डॉक्टरांना विचारून, ताईंनी मला हातात घेतलं. लाल टाका उजवीकडे. आवाज अगदी बारीक. ‘थंड किटली’. बाई डावीकडून आली, गिटार उजवीकडून. गिटार थोडी लांबून आल्यासारखी, पण आली. ताई हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. जिना चढताना दोन्हीकडे कठडा मिळाल्यावर माणूस सावकाश चढतो, तशा त्या सावकाश ऐकत राहिल्या. अल्बम संपला. त्यांनी लिहायला घेतलं. मी उत्सुकतेने कान टवकारले.

“स्टील गिटार आहे. उत्तम आहे. बाईही उत्तम आहे. संतोषभाऊ, माझा कान चुकला होता. पण अल्बम मला तरीही आवडला नाही. गाणारा स्वतःवर फार खूश आहे. आधी मी न ऐकता नावडता म्हटलं होतं, आता ऐकून म्हणते.”

तासाभरात दिंडोरीहून उत्तर आलं, “ताई, पटलं नाय. येतो पुढच्या रविवारी भांडायला. द्राक्षं आणतो.”

ताई इतक्या मोठ्याने हसल्या, की विमलाबाई आतून काय झालं म्हणून विचारत आल्या.

तर मित्रांनो, माझा आवाज बेताचा ठेवा. माझी वायर गुंडाळून गाठी मारू नका, मी म्हातारा झालो आहे. आणि तुम्हाला एखाद्या गोष्टीत काही कमी आहे असं वाटलं, तर ती टाकून देण्याआधी एकदा मला उलटा घालून बघा.