रिकामा परत येणारा डबा

मी राजकुमार राठोडांचा जेवणाचा डबा. आवाज घुसमटलेला वाटला तर रागावू नका. तीन कप्पे, वर झाकण, झाकणावर कडी, एवढ्या सगळ्यातून बोलायचं म्हणजे तसंच होणार. आणि आज माझा जीव थाऱ्यावरही नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पत्रा होतो, दाबला, ठोकला, गोल झालो. शुद्ध आली ती दिग्रसच्या भांड्यांच्या दुकानात, कुकरच्या शेजारी. नवरात्र चालू होतं. एक ठेंगणी, चटपटीत बाई आत आली, तिनं माझी कडी चार वेळा लावून पाहिली आणि दुकानदाराला माझ्यावर नाव कोरायला सांगितलं. ती उज्ज्वला, राजकुमारची बायको. अंगणवाडी सेविका आहे.

माझी खरेदी हौसेची नव्हती, भीतीची होती. थोडेच दिवस आधी तिच्या अंगणवाडीत तपासणीचं शिबिर झालं होतं आणि तिनं नवऱ्याला ओढत नेलं होतं. राजकुमार तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा. वजनकाट्यावर उभा राहिला तर शंभराच्या पुढे गेला. डॉक्टरांनी विचारलं, वडील कशानं गेले? वडील भावसिंग पन्नाशीतच हृदयानं गेले होते. मग डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, साखर-तेल तोडा, आणि उद्या उपाशीपोटी रक्त तपासायला या.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. दुसऱ्या दिवशी तो कामाला होता त्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, खरेदीचा मुहूर्त होता. तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या कुणीतरी चहा दिला आणि पोट उपाशी राहिलं नाही. मग हंगाम सुरू झाला आणि रक्ताची गोष्ट मागेच पडली. वजनाचं मात्र उज्ज्वलानं मनावर घेतलं. नवऱ्याला वेळ नाही तर मी करते, असं म्हणून तिनं मला विकत आणलं.

पहाटे उठून ती माझ्यासाठी राबायची. खालच्या कप्प्यात ज्वारीची भाकर, मधल्यात अंबाडी नाहीतर मेथी, तेल अगदी हात राखून, वरच्यात मुगाचं वरण आणि काकडी. नंतर स्वतःची अंगणवाडी, पोरांची खिचडी, घरोघरच्या भेटी. ती स्वतः जेवली की नाही ते कुणी विचारायचं नाही. सासू बसंतीबाई तेवढ्या माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या. एवढ्याशा डब्यात आपल्या पोराचं काय होणार, असं त्यांचं म्हणणं.

राजकुमार जिनिंगमध्ये ग्रेडर. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, बोंड चिमटीत ओढून धागा पाहायचा, ओलावा किती ते नुसत्या तळव्यानं सांगायचा. माणूस दिलदार, आणि 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेला माहीतच नाही.

तिथं एक रीत आहे. ज्याची गाडी लागते तो शेतकरी ग्रेडरला चहा सांगतो, सोबत कचोरी नाहीतर भजी. ग्रेडरनं चहा नाकारला की मागच्या गाड्यांपर्यंत कुजबुज जाते, याचा माल आता नापास होणार. पूर्वी एकदा राजकुमारनं खरंच पोट बिघडलं म्हणून चहा नाकारला, तर तो शेतकरी बिचारा घाबरून गाडी उलटी फिरवून दुसऱ्या जिनिंगला निघाला होता. तेव्हापासून राजकुमार प्रत्येक गाडीचा चहा घ्यायचा, साखर घातलेला, आणि गाड्या तर दिवसभर यायच्या.

मला पहिल्या दिवशी त्यानं दुपारी उघडलं. अंबाडीकडे पाहिलं, भाकर बोटानं दाबून पाहिली आणि झाकण लावलं. बाहेर एक व्यापारी हॉटेलात चला म्हणून थांबला होता. राजकुमारनं मला उचललं आणि वजनकाट्यावर बसणाऱ्या देवीलालच्या हातात दिलं. "घरून तुमच्यासाठीच पाठवला," असंही वर सांगितलं. देवीलालची बायको वारलेली, घरी करणारं कुणी नाही. त्याचे डोळे भरून आले. त्यानं कण न् कण खाल्ला आणि मला राखेनं घासून असं लख्ख केलं की मलाच ओळखू येईना.

संध्याकाळी उज्ज्वलानं मला उघडलं. तिन्ही कप्पे रिकामे. सगळं खाल्लं का, असं तिनं विचारलं. राजकुमार होय म्हणाला, वर भाजी बरी होती असंही म्हणाला. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो पाहून मला त्याचा इतका संताप आला की मोरीत मी मुद्दाम खणखणलो. पण भांड्याचा राग कुणाला कळतो?

मग तसंच रोज होत गेलं.

दिवाळी झाली आणि राजकुमार बारीक होऊ लागला.

हे ऐकून तुम्हाला आनंद झाला असेल. सगळ्यांनाच झाला. शनिवारी गाड्या कमी असल्या की देवीलाल त्याला गमतीनं कापसाच्या काट्यावर उभा करायचा आणि म्हणायचा, "साहेब, तुमचा ओलावा उडून राह्यला." लोक हसायचे. राजकुमारही हसायचा, पँट वर ओढत. मी टेबलाखाली होतो. मला हसू येईना. माझ्यातला एक घासही त्याच्या पोटात गेलेला नव्हता. तो कचोरी खात होता, भजी खात होता, दिवसभर गोड चहा पीत होता, आणि तरी उतरत होता. त्याला आतून काहीतरी खात होतं.

टेबलाखाली राहणाऱ्याला जे दिसतं ते वर बसणाऱ्याला दिसत नाही. पाण्याची बाटली तो भरायचा, रिकामी करायचा, पुन्हा भरायचा. लघवीला सारखा मागच्या भिंतीकडे जायचा, आणि तिथं गुळाला लागावी तशी मुंगळ्यांची रांग लागली होती. दुपारी माल बघता बघता त्याची मान खाली पडायची. आकडे दिसेनात म्हणून तो कागद लांब धरायचा आणि वयच झालं आता, असं म्हणायचा. ज्या माणसाला कापसाचा ओलावा तळव्यानं कळत होता त्याला स्वतःचं अंग सुकत चाललेलं कळेना.

घरी फक्त बसंतीबाईंना ते खुपत होतं. पोराच्या गालाची हाडं वर आली, डोळे आत गेले, हे काही चांगलं नाही, असं त्या रोज म्हणायच्या. सगळे त्यांना याडी, म्हणजे आई, म्हणून समजावायचे की जुन्या लोकांना जाड माणूसच निरोगी वाटतो. माझी मात्र त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायची फार इच्छा होती.

एके दिवशी उज्ज्वला मला अंगणवाडीत घेऊन गेली. माता बैठक होती. तिनं मला टेबलावर ठेवून एकेक कप्पा उघडून दाखवला. भाकर किती, भाजी किती, तेल किती. आपल्या घरचा माणूस कामात कितीही बुडालेला असला तरी एवढं केलं की फरक पडतो, माझ्याच नवऱ्याचं पाहा, असं तिनं सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दोघी-तिघींनी माझे फोटो काढले. तिचं बोलणं खोटं नव्हतं हो. तिची भाकर खरी होती, भाजी खरी होती. फक्त ज्याच्यासाठी केली तो ती खात नव्हता. मला त्या टेबलावरून खाली पडावंसं वाटलं.

डिसेंबरात गाठी बांधायच्या तारेचा तुकडा राजकुमारच्या चपलेतून आरपार गेला आणि अंगठ्यात घुसला. तो चालतच राहिला. देवीलालनंच त्याला रक्त दाखवलं. राजकुमारनं तार उपटून फेकली, हळद दाबली, पट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवसापासून तो मोजे घालून येऊ लागला. थंडी आहे म्हणायचा.

टेबलाखाली मी आणि ते पाऊल शेजारी शेजारी असायचो. काही दिवसांनी त्या मोज्यातून वास यायला लागला. माझ्यात किती प्रकारच्या भाज्या येऊन गेल्यात, पण तसा वास मी कधी घेतला नव्हता. कापसाच्या, सरकीच्या वासात तो वर कुणापर्यंत पोचत नसे. मी रोज सकाळी भरून जायचो आणि रोज तिथं बसून ते पाऊल बघायचो. मला भीती वाटायची. अगदी सांगायची तर मला रडू यायचं.

संक्रांतीला जिनिंग बंद होतं. दुपारी देवीलाल तिळगूळ द्यायला घरी आला. मी घासून खिडकीत पालथा पडलो होतो. राजकुमार खाटेवर पाय झाकून बसला होता, मोजे घालून. बसंतीबाई दाराशी शेंगा सोलत होत्या. उज्ज्वलानं देवीलालला पाणी दिलं, तर त्यानं हातच जोडले.

"वैनी, तुमच्या डब्यानं यंदा माहे गुडघे धरले नाईत. रोज पोटभर भेटते. लय उपकार झाले तुमचे."

उज्ज्वला हसली. तिला वाटलं, कधीतरी राजकुमारनं घासभर दिला असेल. कोणता डबा, असं तिनं सहज विचारलं.

"हाच ना," देवीलालनं माझ्याकडे बोट दाखवलं. "साहेब रोज देतेत मले. तुमीच पाठोता म्हणे माह्यासाठी."

आता मोठं भांडण होणार असं मला वाटलं. खोटं बोललेल्या नवऱ्याला बायको जे जे म्हणते ते सगळं ती म्हणेल, आणि म्हणावंच, अशी माझी इच्छाही होती. पण ती ओरडली नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, नवरात्रापासून एकदाही खाल्ला नाही? त्यानं मान हलवली. हॉटेलचं खात होते? त्यानं मान खाली घातली.

"मंग तुमी बारीक कायनं झाले?"

शेंगा सोलणारे बसंतीबाईंचे हात थांबले. देवीलाल तिळगूळ हातात धरून तसाच उभा राहिला. उज्ज्वला पुढे झाली आणि म्हणाली, मोजे काढा. राजकुमार हलेना. ती खाली बसली आणि तिनंच मोजा ओढला. तो सहज निघाला नाही.

अंगठा काळा पडला होता, शेजारचं बोटही.

"दुखत नाई ना," राजकुमार म्हणाला. "मले त्याचं काहीच दुखत नाई, उज्ज्वला." चांगली बातमी सांगावी तसं तो सांगत होता.

त्याच संध्याकाळी त्याला यवतमाळला आणलं. साखर तपासायच्या यंत्रावर आकडाच उमटेना, इतकी ती वर गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? उज्ज्वला म्हणाली, दिवाळीपासून. न खाता-पिता नव्हे, सगळं खाऊन-पिऊन वजन असं झरझर उतरतं तेव्हा लगेच दाखवायला नको का, असं डॉक्टर जरा रागानंच म्हणाले. चूक त्यांचीही नव्हती.

"मले वाटलं," उज्ज्वला म्हणाली, "ते मीच करून राह्यली." एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

राजकुमारनं त्या रात्री तिचा हात धरून काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी पिशवीत होतो. पण तेव्हापासून तो तिच्या डोळ्यांकडे पाहत नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, न खाल्लेलंही असं खवखवतं हे मी त्याच्याकडे बघून शिकलो.

आज सकाळी त्याला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं आहे. दोन बोटं जाणार हे ठरलेलं आहे. विष वर चढलं असेल तर घोटा, त्याहून वर असेल तर आणखी वर, ते उघडल्यावरच कळेल असं डॉक्टरांनी सांगितलं. हृदयाचीही त्यांना काळजी वाटते. बाप पन्नाशीत गेला हे त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं.

त्याला आज काही खायचं नाही हे नर्सनं कालच बजावलं होतं. तरी उज्ज्वलानं इथल्या नातेवाइकांच्या घरी पहाटे उठून मला भरलं. भाकर, मेथी, मुगाचं वरण. मला मांडीवर घेऊन ती बाकड्यावर बसली आहे.

माझं तुम्हाला एकच मागणं आहे. चाळिशी-पन्नाशीतला तुमचा माणूस बारीक झाला तर त्याचं कौतुक जरूर करा. पण शाबासकी देण्याआधी तो खातो काय हे विचारा, आणि रक्त तपासून घ्या. आणि तुमच्यासाठी कुणी पहाटे उठून डबा भरत असेल तर एक तर तो खा, नाहीतर खाल्ला नाही म्हणून खरं सांगा. शिव्या बसतील, पण जीव वाचेल.

दिग्रसहून पहिल्या एसटीनं देवीलाल आला आहे. सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही, ते त्याच्या तोंडावर दिसतंय. उज्ज्वलानं माझी कडी काढली आणि म्हणाली, जेवून घ्या, भाऊ. रीतच आहे ती, समोरच्याला उपाशी कसं ठेवायचं?

देवीलालनं तिच्या हातावर हात ठेवून कडी पुन्हा लावली.

"नाई वैनी. हा त्याइचा डबा हाये. त्याइलेच येऊ द्या."

आतलं वरण निवत चाललं आहे. समोरचं दार अजून बंद आहे, आणि मी तिच्या मांडीवर भरलेला बसून आहे.