समुद्रघोड्याचा बिल्ला

केतनने टीव्हीवर नकाशा लावला आणि हाताला आलेल्या लाटण्याने बेटं दाखवायला सुरुवात केली. "हे ग्रेनाडा. इथून शिडाची बोट घ्यायची. वारा नेईल तसं जायचं, आल्झो, म्हणजे घाई कसली म्हणून नाही. दिवसाला एखादं बेट."

लाटणं द्रौपदीबाईंचं होतं आणि पोळ्या अजून निम्म्या व्हायच्या होत्या. तरी कणकेचे हात तसेच धरून त्या कौतुकाने बघत राहिल्या. पोरगा आपल्याला करिबियनला नेतोय, ही बातमी जर्मनीहून थेट भंडाऱ्यापर्यंत त्यांनीच पोचवली होती.

"आणि ही खाडी बघा. इथे कासवं असतात. सकाळी मी नि अपेक्षा तोंडात नळ्या धरून पाण्यात. तोवर आई ईप्सिताला बघेल. बोटीवर छोटा गॅस आहे, आई, तुझी मुगाची खिचडी झकास होईल. बाबांना मागे सावलीत गादी. गेनाऊ, बरोबर?"

"गेनाऊ काय, गेनाऊ?" द्रौपदीबाई म्हणाल्या. "म्हणजे इथलं र्युसेल्सहाइमचं स्वयंपाकघर उचलून समुद्रात नेऊन ठेवायचं, हीच ना माझी सहल?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"मी पाण्यात नाही उतरायची?"

"तू?" केतन हसला. हसला नसता तर एक वेळ चाललं असतं. "अगं, खोल पाणी असतं ते. बोटीच्या कडेवरून उडी टाकावी लागते. तुझ्याच्याने इथल्या हालेनबादच्या तलावात होत नाही."

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

जर्मनीला आल्यापासून दर शनिवारी नातीला पोहायच्या वर्गाला नेण्याचं काम द्रौपदीबाईंकडेच होतं. त्या दमट हॉलमध्ये स्वेटर घालून घाम पुसत बसलेली ही आजी बघून एकदा शिकवणाऱ्या लिंडनरबाईच म्हणाल्या, बसता कशाला, उतरा की. त्याच आठवड्यात अपेक्षाने सासूला पूर्ण बाह्यांचा पोहायचा पोशाख आणून दिला. चिल्यापिल्यांच्या रांगेत उभं राहून त्या हातपाय मारायला शिकल्या. तळाशी टाकलेली कडी बुडी मारून वर आणायलाही शिकल्या. राहिली ती कडेवरून उडी. ती घेतल्याशिवाय इथे पोरांना समुद्रघोड्याचा बिल्ला मिळत नाही. ईप्सिताच्या पोशाखावर तो कधीच शिवला गेला होता. "आज्जी, श्प्रिंग! उडी!" ती पाण्यातून ओरडायची आणि काठावर आजीच्या पायाची बोटं फरशीला घट्ट धरून बसायची.

तलावांच्या मुलखातली बाई, पण पाण्यात कधी गेलीच नव्हती. त्यांच्या आजीच्या काळी वस्तीतल्या कुणी हात लावला तर गावचा तलाव बाटायचा. आईच्या काळी बाटणं थांबलं, तरी मुलींनी पोहायचं नव्हतंच. भाऊ पोहून यायचे, आणि त्यांचे ओले कपडे पिळायला द्रौपदी.

"मी थांबेन ईप्सिताजवळ," अपेक्षा हळूच म्हणाली. "आई, तुम्ही जा पाण्यात."

द्रौपदीबाईंनी सुनेकडे पाहिलं. पोरगी झाल्यापासून तिची झोप तुकड्यातुकड्यांतच होत आली होती. डोळ्यांखालचा काळेपणा कुठल्या क्रीमने जाणारा नव्हता. आणि मघाशी कासवाचं चित्र आलं तेव्हा हातातला फोन बाजूला ठेवून हीच तर बघत राहिली होती. आता मात्र सासूबाईंचा राग मस्तकाला गेला. राग आला की त्यांची भंडाऱ्याची बोली वर यायची.

"काहून? तू काहून थांबशील? या घरात थांबायला दोन बायाच आहेत का?"

केतनने वडिलांकडे बघितलं. यादवरावांनी नकाशाकडे बघितलं.

"अहो, मी तुमच्याशी बोलून राहिली."

"मी बसेन की पोरीजवळ," यादवराव चाचरत म्हणाले. "पण मला खिचडी कुठे येते?"

"जन्मभर खाल्ली तिला. तोंडओळख तर असेल!"

अपेक्षाला हसू आवरेना. केतन मात्र चिडला. "आई, आधी उडी तर मार. मग बघू."

"आण इकडे ते लाटणं," द्रौपदीबाई म्हणाल्या.

शनिवारी सगळेच गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण गेले. केतन बाकावर हाताची घडी घालून बसला. द्रौपदीबाई काठावर उभ्या राहिल्या. खाली निळं पाणी हलत होतं आणि पायाची बोटं पुन्हा फरशीला चिकटली होती.

"आइन्स," लिंडनरबाई मोजू लागल्या. "त्स्वाय..."

दर वेळी इथेच डोळे मिटायचे. आज त्यांनी बाकाकडे पाहिलं. तुझ्याच्याने होत नाही. कुणाच्या काळी काय झालं नाही, ते सगळंच एकदम छातीत उसळलं, आणि बाईंनी द्राय म्हणायच्या आत त्या हवेत होत्या.

पाणी कानानाकात शिरलं. टोपी गेली. खाली क्षणभर नुसती निळी शांतता होती, आणि त्या शांततेत त्यांना पहिल्यांदा वाटलं, कासव बघायला आपल्याला आवडेल. मग त्या खोकत, नाक चोळत वर आल्या आणि काठ धरला. पोरं टाळ्या वाजवत होती. ईप्सिता जर्मनमध्ये किंचाळत होती. केतन उठून उभा राहिला होता.

"आई, बापरे! मला वाटलंच नव्हतं."

"ते ठाऊक आहे मला, तुला वाटलं नव्हतं ते," द्रौपदीबाई म्हणाल्या. "टॉवेल दे."

टॉवेल द्यायला पुढे झाले ते यादवराव. बायकोच्या खांद्यावर तो नीट पांघरून ते कानाशी म्हणाले, "घाबरलो होतो मी."

"मी पण," त्या म्हणाल्या. फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू.

संध्याकाळी अपेक्षा सोफ्यावर पाय वर घेऊन सासूच्या पोशाखावर बिल्ला शिवत होती. शेजारी द्रौपदीबाई कधी नव्हे ते रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. त्यांचा राग उतरला नव्हता. तो बोट किनाऱ्याला लागेपर्यंत पुरवून वापरायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

स्वयंपाकघरात भांडी आपटली. केतनचा आवाज आला, "बाबा, एवढं पाणी?" मग यादवराव दारात आले. हातात कुकरचं झाकण, चष्म्यावर वाफ.

"अगं, आधी डाळ की तांदूळ?"

द्रौपदीबाईंनी मान वळवली नाही.

"आधी दोन्ही धुऊन घ्या," त्या म्हणाल्या.