नराणीने सोडलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी नराणी आहे. तुमच्या नेलकटरची पणजी म्हणा हवे तर! कळसाडीच्या लोहाराने मला घडवले आणि दगूबाई न्हाविणीच्या धोकटीत माझे बिऱ्हाड झाले. त्या चामडी पिशवीत मिट्ट अंधार, वर दगूबाईची गाठ पक्की. कुणाची नखे काढायची असली तरच मला उजेड दिसे.

दगूबाईचा हात गावात नावाजलेला होता. कोपरे खोलवर कोरून ती नख असे गोल करी की बायका पाय पुढे करून बघत बसत. मग मीही फुशारून जाई.

एका वर्षी गावातल्या धनुबाईचे लग्न सारंगखेड्याला ठरले आणि नेमके तिच्या उजव्या अंगठ्याचे नख मांसात रुतले. अंगठा टरारून सुजला. दगूबाईने कोपरा कोरला की जरा बरे वाटे, पण वाढताना नख पुन्हा आतच घुसे. सप्तपदीला त्याच पायाने तांदळाच्या राशींवरून चालायचे होते. मुलगी लंगडते असे कळले तर सोयरीक मोडेल, या धास्तीने आईने तिला धान्याच्या खोलीत बसवून ठेवले. बिचारी दाराच्या फटीतून अंगण बघे. मला तिची फार कणव येई. मीही कोंडलेलीच होते ना!

लग्न महिन्यावर आले. दगूबाईने मला पुन्हा त्याच कोपऱ्यात खुपसले, तशी धनुबाईने तिचे मनगट घट्ट धरले.

"काकी, कोपरा नको काढू! तू काढस आन् तठेच नख परत घुसस."

"मंग मी काय करू माय?"

"वाढू दे त्याले. बाहेर येऊ दे."

दगूबाईला राग आला, पण तिने मला बाजूला ठेवले. मग धनुबाईने रोज मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवायचा आणि नखाखाली कापसाची इवलीशी वात सरकवायची. सूज उतरली, नख हळूहळू मांसावर आले. तेव्हा मी ते सरळ कापले, कोपरा तसाच ठेवून.

सप्तपदीला धनुबाई न लंगडता चालली. तिच्या पायाकडे कुणी पाहिलेही नाही. सासरी जाताना तिने मला मागून घेतले.

आता मी तिच्या नातसुनेच्या पत्र्याच्या डब्यात गंजत पडले आहे. मला विसरलात तरी चालेल, मित्रांनो. पण पायाची नखे सरळ कापा. आणि कुणाला दुखत असेल तर त्याला दाराआड बसवू नका; कुठे दुखते, ते आधी त्यालाच विचारा.