जॅकच्या पोटातलं कुंकू

मी गॅरेजातला ट्रॉली जॅक बोलतोय. तुमच्या मोटारीखाली चाकांवर सरकतो आणि दांडा मारला की तिला अलगद उचलतो, तोच. माझी सगळी ताकद पोटातल्या तेलाची. म्हणून शरीर लोखंडाचं असलं तरी तब्येत नाजूक! जरा कचरा गेला की मी बसलोच.

मेकॅनिक प्रतापरावांनी मला अफझलगंजच्या बाजारातून आणलं, तेव्हा परदेशी कंपन्यांना देशाची दारं नुकतीच उघडली होती. हैदराबादच्या रस्त्यांवर रोज नव्या तऱ्हेची गाडी दिसे. जामबागेतल्या त्यांच्या गॅरेजात तोवर पेचाचा जॅक आणि विटा चालत. मी आलो आणि कामाला वेग आला. गिऱ्हाइकं आणि सुटे भाग त्यांची बायको त्रिवेणीबाई सांभाळी. बाई जिद्दीची.

खंडेनवमीला प्रतापरावांनी माझं बूच उघडून तेल ओतलं आणि गिऱ्हाइकानं हाक मारली म्हणून तसेच उठले. मागून त्रिवेणीबाई पूजेचं ताट घेऊन आली. पान्यांना, हातोड्यांना चिमूट चिमूट हळदकुंकू. मी सगळ्यांत थोरला, म्हणून मला मूठभर! त्यातलं बरंचसं उघड्या बुचातून पोटात गेलं. प्रतापराव परतले आणि न बघताच त्यांनी बूच लावलं.

दसरा उलटल्यावर एका टॅक्सीचं चाक काढताना मी हळूहळू खाली बसू लागलो. झडपेत कुंकू अडकलं होतं, तेल धरवेना. प्रतापरावांनी झटकन हात ओढला म्हणून बोटं वाचली. पण त्यांचा धीर सुटला.

"बस झालं," ते म्हणाले. "दिलसुखनगरला कंपनीचं वर्कशॉप निघालंय, तिथं नोकरी धरतो. हे गॅरेज बंद. आता गाडीखाली जायचं नाव नको."

भंगारवाला तर टपलेलाच होता. "हौ भाई, ये तो गया काम से. देदेओ."

"नक्को!" त्रिवेणीबाई कडाडली. "जॅक बी जायचा नाही, गॅरेज बी नाही. माणूस आजारी पडला म्हणून कुणी लगेच तिरडी बांधतं का?"

तिनं मला परातीवर उपडं केलं. तेल लालसर आलं. बाईनं ते बोटावर घेऊन उजेडात धरलं.

"अहो, हे माझंच कुंकू."

"देवाचं कुंकू जॅक कशाला बिघडवेल?"

"देवाचं बरोबर होतं. मी टाकलं ती जागा चुकली."

मग ती हट्टालाच पेटली. ताज्या तेलानं मला आतून पुन्हा पुन्हा धुतलं, झडप पुसली. प्रतापराव गोंधळून ब्रेकचं तेल देऊ लागले, तर म्हणाली, "ते नक्को. त्यानं आतलं रबर फुगतं, तुम्हीच सांगता ना?" जॅकचं तेल भरून तिनं झडप सैल सोडली आणि रिकामाच दांडा मारत राहिली. आतली हवा निघाली तसं मला हलकं वाटलं.

टॅक्सी पुन्हा माझ्यावर चढली. सकाळची दुपार झाली, मी तसूभर हललो नाही. मग तिनं गाडीखाली टेकू म्हणून लोखंडी स्टँड लावले. तरी प्रतापराव जागचे हलेनात. त्रिवेणीबाईनं पदर खोचला, पोतं अंथरलं आणि स्वतःच खाली सरकली.

"अगं, बाहेर ये! तुला कुठला बोल्ट ठाऊक आहे?"

"मग या दाखवायला."

प्रतापरावांनी बाह्या सरसावल्या. मग देवाचं नाव घेऊन आडवे झाले. जरा वेळानं खालून ओरडणं ऐकू आलं, "पाना उलटा धरलास!" असं ओरडणं कितीतरी दिवसांनी गॅरेजात घुमलं. मला भरून आलं.

आता मी म्हातारा झालोय, दांडा वाकलाय, तरी रोज कामावर असतो. माझं एवढंच मागणं आहे. मला भंगारात देण्याआधी माझं तेल एकदा बघा. आणि मी कितीही ठणठणीत दिसलो तरी स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली शिरू नका. त्या दुपारी स्टँड होते, तरी सांगतो, ती दोघं गाडीखाली होती आणि मी जीव मुठीत धरून उभा होतो.