खांबाखालचं घड्याळ

डॉ. प्राजक्तांनी रक्तदाबाचा पट्टा सुगतच्या दंडावरून सोडवला.

"धडधड सुरू होते तेव्हा मनात काय असतं? भीती? राग?"

सुगतने बराच विचार केला. "हात गार पडते."

"ते हाताचं झालं. मनाचं सांगा."

"घसा सुकते."

दीक्षाला हसू आलं आणि रागही. अकोटहून एसटीने जठारपेठेतल्या या दवाखान्यात यायचं आणि नवऱ्याने हे असं सांगायचं. लाइनमन माणूस, कुठल्या खांबावर फ्यूज उडाला ते लांबून सांगेल, पण स्वतःचं विचारा, अळीमिळी गुपचिळी. लग्नापासून त्याची भूक, रुसवा, सगळं तीच सांगत आली होती. 'यायले राग आला' असं ती म्हणायची, तेव्हा कुठे त्यालाही कळायचं.

"मरून जावं असं वाटतं का कधी?" डॉक्टरांनी सरळ विचारलं.

"नाही वो, तसं काई नाही," दीक्षा म्हणाली. "कालपासून तं चांगले शांत आहेत."

"मी यांना विचारलं."

सुगत तळहात चोळू लागला. दीक्षालाच राहवेना. "एक ईसीजी काढा ना. त्याच्यासाठीच घड्याळ, अंगठी काल माह्यापाशी देऊन ठेवली यायनं."

"ईसीजी नाही काढायचा. परवाच फोनवर सांगितलं मी यांना."

पर्समध्ये गेलेला दीक्षाचा हात तिथेच राहिला. खांबावर चढण्याआधी अंगावरचं धातूचं सगळं काढून खाली उभ्या सोबत्याकडे द्यायचं, ही लाइनमनची रीत. सुगतचं सामान नितेश सांभाळायचा. पण सुगत तर महिनाभर रजेवर होता. काल संध्याकाळी तिच्या हातात घड्याळ ठेवून तो दारापर्यंत गेला होता. तेवढ्यात नितेश भेटायला आला, म्हणून चहाला परत बसला.

तिने घड्याळ टेबलावर ठेवलं.

"काल कुठी चढून राहिले होते तुमी?"

सुगत घड्याळाकडे बघत राहिला. "माहीत नाही. पाय निघाले होते. धडधड नोती."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "आज घरी नाही जायचं. दोघांनी इथंच राहायचं. आपण बोलू."

सुगतने मान हलवली. मग खाली उतरल्यावर नितेशपुढे करायचा, तसा डावा हात त्याने दीक्षापुढे केला. तिने घड्याळाचा पट्टा बांधला. मनगट गार पडलं होतं. त्याला काय वाटतंय ते तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण या वेळी ती बोलली नाही. हात धरून बसून राहिली.

"भेव वाटून राहिलं मले," सुगत म्हणाला.