माझ्या आवाजात

मांडीवरचं विड्यांचं सूप न हलवता पिंकीनं फोन माझ्यापुढं धरला.

"अक्का, ह्यो तुमचाच आवाज हाय की."

पडद्यावर अमेरिकेतली गर्दी होती. गोरी माणसं हातात फलक घेऊन एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. वर बाईचा आवाज सांगत होता, तिथल्या लोकांनी लस नाकारली, गोवराची सुई टोचली की लेकरू मुकं होतं, तुम्ही नर्सबाईला दार उघडू नका. आवाज माझा होता. जोडाक्षरापाशी मी जशी अडखळते, तशीच ती अडखळत होती.

"मी असलं कायबी बोलले न्हाय," मी म्हणाले.

बायका खाली मान घालून विड्या वळत राहिल्या. अकरा वर्षं मी त्यांना रोज दुपारी पेपर वाचून दाखवते. पन्नाशीत अक्षरं शिकले, तीही त्यांच्यादेखत. सोलापुरातल्या विडी कामगारांच्या या घरकुल वसाहतीत माझा आवाज त्या माझ्यापेक्षा चांगला ओळखतात.

तो कुठून गेला ते मला ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या आदिनाथनं गेल्या उन्हाळ्यात चार दिवस बसवून माझ्याकडून वाक्यं वाचून घेतली होती. मशीनला मराठी शिकवायची आहे, म्हणाला. मला कोण आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडून शिकणार होतं.

तशीच उठून त्याच्या दुकानात गेले. आधी त्यानं हसण्यावारी नेलं. मग म्हणाला, आवाज कंपनीला गेले, कंपनीनं पुढं विकले, आता कुणाकडं आहेत ते त्यालाही सांगता येत नाही. हे व्हिडिओ तिकडच्या राजकारणातले, मशीन ते घटकाभरात शंभर भाषांत करतं. मशीनला लगाम घालायचा कायदा करावा की नको, यावरही तिकडं भांडणच चाललंय.

"त्यांनी त्यांच्या तोंडानं भांडावं. माजं तोंड कशाला?"

"तुमी सही केलीया की, अक्का."

त्यानं कागद काढला. सगळा इंग्रजी, खाली मराठीत माझी सही, 'रंभाबाई'. अंगठा द्यावा लागला नाही, या आनंदात केलेली. मी तो कागद चुरगाळून त्याच्या तोंडावर फेकला. त्यानं शांतपणे उचलून सरळ केला.

गुरुवारी सिद्धेश्वरी नर्स लसीचा डबा घेऊन अंगणवाडीत आली. यादीत पंधरा लेकरं, आली तीन. पिंकीच्या पोराला नऊ महिने भरले होते आणि पलीकडच्या गल्लीत गोवर निघाला होता. मी तिच्या दारात गेले.

ती लेकरू कडेवर घेऊन आतच उभी राहिली. मी सांगितलं, माझ्या तिन्ही नातवंडांना हीच सुई टोचली आहे आणि तिघांच्या बडबडीनं घर डोक्यावर असतं. ती ऐकत होती, पण माझ्याकडं बघत नव्हती.

"ती बी तुमीच, ही बी तुमीच. कुनाचं धरू?"

"जी तुज्या दारात उभी हाय, तिचं धर."

"ती तर फोनातनं रोज घरात येती, अक्का," पिंकी म्हणाली आणि तिनं कडी लावली.

अंगणवाडीत परत आले, तेव्हा सिद्धेश्वरीनं पिंकीच्या पोराच्या नावापुढं 'नकार' लिहिलं. पुढं कारणाचा रकाना होता. काय लिहू, असं तिनं विचारलं.

"रंभाबाई लिही," मी म्हणाले.

ती लिहीना. पेन उघडं धरून माझ्याकडं बघत बसली. मी टेबलापाशी उभी राहिले. तिनं लिहिल्याशिवाय मी हलणार नव्हते.